पाठीमागचं ऐकू येतं का?

श्रोतेहो, सायकल चालवणाऱ्याला समोरचं दिसतं, डोळ्याच्या कडेनं बाजूचंही थोडंफार दिसतं. मागचं मात्र ऐकावं लागतं. मान वळवून बघायला जावं तर खांदा वळतो, खांद्याबरोबर हात वळतात, हाताबरोबर हँडल वळतं आणि जी गाडी चुकवायची तिच्याच वाटेवर आपण जाऊन पोहोचतो. माझ्या वडिलांचं शिरूरला सायकलचं दुकान होतं. तासावर सायकल भाड्याने द्यायची, पंक्चर काढायचं, वाकड्या चाकाचा आऊट काढायचा, अशी कामं. नव्याने शिकणाऱ्या पोरांना अब्बा पहिला धडा ब्रेकचा देत नसत, मान न वळवण्याचा देत. "मागं काय आहे ते कानाला विचार," असं म्हणत.

आणि त्या काळी कानाला विचारलं की कान सांगत असे. शिरूर हे नगर रस्त्यावरचं गाव. एसटी घोड नदीच्या पुलावर आली की तिच्या पत्र्यांचा खडखडाट अर्धा फर्लांग आधी पोहोचायचा. लूनाची किरकिर, राजदूतची ठोके चुकल्यासारखी टकटक, तीनचाकी टेम्पोचं खोकणं, बैलगाडीच्या घुंगरांचा ताल, सगळे आवाज वेगळे. आवाज जवळ येतोय की लांब जातोय, गाडी भरलेली आहे की रिकामी, हेही कळायचं. भरलेला ट्रक चढावर कण्हतो, रिकामा ट्रक खड्ड्यात वाजतो. पुढे मी कविता लिहू लागलो तेव्हा वृत्ताची मात्रा कुठे कमी पडली हे मला मोजण्याआधी ऐकू यायचं. तो कान मला कुठल्या गुरूने दिला नाही, नगर रस्त्याने दिला, असं मी गमतीने म्हणतो. आता नगरचं नाव अहिल्यानगर झालं, तरी रस्ता लोकांच्या तोंडी अजून नगर रोडच आहे.

कान कमी पडला तर मागच्याने सांगायचं, अशीही एक रीत होती. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरं रंगवलेली असत. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ती लिहायला बंदी केली. त्यामुळे विनाकारण भोंगे वाजवायला उत्तेजन मिळतं, असं कारण दिलं गेलं, आणि ते पटण्यासारखं आहे. पण त्या अक्षरांमागे एक जुना करार होता. मागच्याने सांगायचं, पुढच्याने बाजू द्यायची. सायकलच्या घंटीचा अर्थही तोच. आज सगळेच एकदम सांगतात, त्यामुळे कोण कुणाला सांगतोय हे कळेनासं झालंय.

मी आता खराडीत राहतो. हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आलं. मुळा-मुठेच्या काठी जिथे शेतं होती तिथे आता काचेच्या उंच इमारती आहेत, इऑनसारखे आयटी पार्क आहेत, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. मुंढव्याच्या पुलावरून, चंदननगरकडून, वाघोलीकडून माणसं सकाळी आत येतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. रात्री उशिरा कामाच्या पाळ्या बदलतात तेव्हा पुन्हा एक भरती येते. मधल्या वेळात बांधकामाची वाहनं चालू असतात. वाळूचे डंपर, पाण्याचे टँकर, पोटातलं काँक्रीट ढवळत जाणारे ते गोल मिक्सर. नगर रस्त्यावर २०१६ साली बीआरटी सुरू झाली आणि पुढे ती काढूनही टाकली. दोन्ही वेळा धूळ आमच्याच वाट्याला आली. एकेकाळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, आणि अंधारात बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडून देत. खराडीच्या रस्त्यावर आज सायकल दिसली तर तिच्यावर दोन प्रकारची माणसं असतात. पहाटे हेल्मेट आणि घट्ट कपडे घातलेले तरुण इंजिनिअर, आणि रात्री घरी जाणारे वॉचमन, खानावळीतले आचारी, बांधकामावरचे मजूर. या दोघांची वेळ जुळत नाही, त्यामुळे त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

या गोंगाटात कान थकतो. आणि गोंगाटापेक्षाही मोठी पंचाईत शांततेची झाली आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत पीएमपीच्या ताफ्यात विजेवर चालणाऱ्या बस आल्या. धूर नाही, खडखड नाही, आत बसणाऱ्याला मोठं सुख. मी स्वतः तिच्यातून आनंदाने जातो. पण सायकलवर असताना हीच बस पाठीशी येऊन उभी राहिली तरी चाहूल लागत नाही. वेगात असताना टायरचा आवाज होतो. खराडीत मात्र गाड्या सरपटत असतात आणि सरपटणारी विजेची गाडी जवळजवळ मुकी असते. युरोपात यावर कायदा झाला. तिथे २०१९ पासून विजेच्या नव्या मॉडेलना आणि २०२१ पासून विजेच्या सगळ्याच नव्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज काढावा लागतो. आपल्याकडेही तसा नियम आणण्याचा मसुदा २०२५ साली निघाला. गाड्या गप्प व्हाव्यात म्हणून शंभर वर्षं खटपट केली आणि आता त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, अशी ही गंमत.

मला हे सगळं आज सांगावंसं वाटलं ते माझ्या भाच्यामुळे. थोरल्या बहिणीचा हा मुलगा इथल्याच एका आयटी कंपनीत आहे आणि रविवारी शंभर-शंभर किलोमीटर सायकल चालवतो. माझ्या पन्नाशीनंतर डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला, तेव्हा त्यानेच मला पुन्हा सायकलवर बसवलं. एकदा तो माझ्या सीटखालच्या दांड्याला काडेपेटीहून थोडं मोठं, काळं, उभट असं काहीतरी बसवू लागला. मी म्हटलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "मामू, रडार आहे. मागनं गाडी आली की सांगतं."

रडार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लोहगावचा विमानतळ येतो. सायकलला रडार म्हणजे बैलाला चष्मा, असं मी म्हणालो. पण वस्तू खरी होती. दक्षिण आफ्रिकेतल्या आयकुबू नावाच्या एका छोट्या कंपनीने ती तयार केली. २०१५ साली गार्मिन या मोठ्या कंपनीने ती छोटी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी व्हॅरिया या नावाने सायकलचं रडार बाजारात आणलं. आता इतरही कंपन्या अशी यंत्रं काढतात. १४० मीटर अंतरावरची गाडी त्याला कळते. हँडलवर एक लहानसा पडदा असतो, नाहीतर मोबाइल लावायचा. पडद्याच्या कडेला एक ठिपका खालून वर सरकू लागतो, तीच मागची गाडी. बीप असा आवाज येतो. गाडी भरधाव असेल तर पट्टी लाल होते, रस्ता मोकळा झाला की हिरवी. किंमत अमेरिकेत २०० डॉलरच्या आसपास. अब्बांच्या दुकानातल्या सगळ्या सायकलींची मिळून तेवढी किंमत झाली असती की नाही, कोण जाणे.

हे चालतं कसं, ते मी भाच्याकडून दोन चहांच्या अवधीत समजून घेतलं. मी कला शाखेचा पदवीधर, त्यामुळे मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल. यंत्रातून रेडिओच्या लहरी मागे जातात. ज्या लहरींवरून माझा आवाज तुमच्यापर्यंत येतो त्याच जातीच्या, पण फार आखूड, जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांबीच्या. सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपनं. त्या मागच्या गाडीच्या पत्र्यावर आपटून परत येतात. गाडी आपल्याकडे येत असेल तर परतणाऱ्या लहरी थोड्या दाटतात, कंपनं थोडी वाढतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल आणि आपण २० ने जात असू, तर ती आपल्या दिशेने ४० ने येते. तेवढ्या वेगाला कंपनांत सेकंदाला सुमारे १,८०० ची भर पडते. २४ अब्जांत १,८०० म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. पण यंत्र तेवढीच चिमूट वेगळी काढतं. गंमत अशी की १,८०० कंपनं म्हणजे आपल्या कानाला सहज ऐकू येईल असा सूर, शिट्टीसारखा. रडार बघतं असं आपण म्हणतो. सायकलचं रडार एका अर्थाने ऐकतं, आणि जितकी गाडी वेगात तितका सूर वरचा.

हा नियम ज्याने मांडला तो डॉप्लर. प्राग शहरात १८४२ साली त्याने ताऱ्यांच्या रंगांविषयी लिहिताना तो मांडला. पण त्याची पहिली गाजलेली परीक्षा झाली ती ताऱ्यांवर नव्हे, कानांवर. १८४५ साली हॉलंडमध्ये उट्रेख्तजवळ बाइस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीवाले उभे केले आणि रुळाच्या कडेला सुराचा कान असलेले वादक बसवले. तुतारीवाल्यांनी एकच सूर धरून ठेवायचा. गाडी जवळ येताना तो सूर चढा ऐकू आला, लांब जाताना उतरला. शिरूरच्या रस्त्यावर ट्रकचा भोंगा आपल्याला ओलांडताना 'पीं'चा 'पों' होतो, ते आम्हा पोरांना बाइस बॅलटचं नाव माहीत नसताना माहीत होतं.

रडारची गोष्टही टक्कर टाळण्यापासूनच सुरू होते, हे मला नवीन होतं. १९०४ साली जर्मनीत ख्रिस्तियान हुल्समायर या तरुणाने एका यंत्राचं पेटंट घेतलं. धुक्यात जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून ते होतं. लहरी समोरच्या जहाजावरून परत आल्या की एक घंटी वाजायची. लोकांनी ते पाहिलं, वाहवा केली आणि कुणीही विकत घेतलं नाही. त्याआधी १८९५ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटी वाजवून दाखवली होती. त्यांनी हाताळलेल्या लहरींपैकी काही पाच मिलिमीटर इतक्या आखूड होत्या, म्हणजे माझ्या सीटखालच्या यंत्रापेक्षाही आखूड. या सगळ्या कथांत शेवटी घंटीच वाजते.

असो. फजरची नमाज आटोपून आम्ही दोघे तुळापूरला निघालो. वाघोली मागे पडलं, लोणीकंदही मागे पडलं आणि आम्ही फुलगावच्या बाजूला वळलो. तिथे रस्ता थोडा मोकळा झाला. इथे त्या यंत्राने आपला गुण दाखवला. मागे काही नाही असं कानाला वाटत असतानाच बीप व्हायचं. मी मनात मोजू लागलो. ताशी ४० च्या फरकाने येणाऱ्या गाडीला १४० मीटर कापायला साधारण साडेबारा सेकंद लागतात. ८० च्या वेगाने येणारा ट्रक असेल तर साडेआठच्या आत. साडेआठ सेकंद म्हणजे खूप असतात. तेवढ्यात डावीकडे सरता येतं, पुढचा खड्डा कसा चुकवायचा ते ठरवता येतं, दोघे शेजारी चालवत असलो तर एकामागे एक होता येतं. वारा समोरून असला की कानात नुसतं घोंघावतं, तेव्हा तर मला अब्बांचा सल्ला निरुपयोगी झाल्यासारखा वाटला. या यंत्राला वारा अडवत नाही. तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणी यांचा संगम आहे. तिथे आम्ही थोडं बसलो. मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या रडारला शाबासकी." मी मनापासून म्हणालो. लांबच्या, मोकळ्या रस्त्यावर पहाटे सायकल चालवणाऱ्या कुणीही ही वस्तू परवडत असेल तर घ्यावी, असं माझं आजही मत आहे.

पण संध्याकाळी तीच सायकल घेऊन मी नगर रस्त्यावर गेलो आणि यंत्र वेडं झाल्यासारखं वाजू लागलं. दोष त्याचा नव्हता. मागे गाडी आहे का, या प्रश्नाचं खराडीच्या संध्याकाळी एकच उत्तर आहे, आणि ते यंत्राशिवायही माहीत असतं. पडद्यावर ठिपक्यांची माळ. बीप बीप बीप. चंदननगरच्या चौकापर्यंत मी ते ऐकलं आणि मग आवाज बंद केला.

त्याहून बारीक एक गोष्ट मला पुढच्या काही दिवसांत कळली. हे यंत्र वेगातला फरक ऐकतं. मागची बस जागा नाही म्हणून आपल्याइतक्याच वेगाने मागोमाग येऊ लागली तर फरक उरत नाही, आणि फरक नाही तर सूर नाही. पडद्यावरचा तिचा ठिपका नाहीसा होतो. बस मात्र पाठीवर श्वास टाकत असते. तिसरी गोष्ट म्हणजे गाडी येते आहे एवढं ते सांगतं. ती आपल्यापासून हातभर अंतर ठेवून जाणार की घासून, हे ते सांगत नाही, कारण ते गाडीवाल्यालाच अजून ठरवायचं असतं. फ्रान्समध्ये सायकलीला ओलांडताना गावात १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडण्याचा नियम आहे. खराडीत दीड मीटरच्या जागेत दोन दुचाक्या आणि एक वडापावची गाडी मावते.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक वॉचमन आहेत. धाराशिवकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. नदीपलीकडे केशवनगरात राहतात आणि मुंढव्याच्या पुलावरून सायकलने येतात-जातात. जुनी काळी सायकल, कुणाकुणाच्या हातून फिरत त्यांच्याकडे आलेली. दीड वर्षापूर्वी पहाटे घरी जाताना त्यांना मागून कुणीतरी उडवलं. कोण ते कळलं नाही, गाडी थांबली नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं, सव्वा महिना पगार गेला. मी विचारलं होतं, "काका, आवाज नाही आला?" ते म्हणाले, "आवाज तर रात्रभर चालूच ऱ्हातो साहेब, कोणता आपला ते कसं कळावं?" मी कवी म्हणवून घेतो, पण शहराच्या आवाजाविषयी इतकं नेमकं वाक्य मला सुचलेलं नाही.

भाच्याने गेटजवळ त्यांना रडार दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, माझी सायकल उभी करून एका दुचाकीवाल्याला लांबून यायला लावलं, बीप ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मला कळालं की गाडी यायली. बरं. त्याला कसं कळतं मी हाय म्हणून?"

भाचा म्हणाला, "काका, त्याच यंत्रात मागे लाल दिवा असतो. गाडी जवळ आली की तो जोरात उघडझाप करतो."

"मग तेवढा दिवाच द्या की मला," काका म्हणाले. "गाडी मागं येती एवढं मला माहीतच हाय."

श्रोतेहो, हसू नका. मी त्या रात्री बराच वेळ या बोलण्यावर विचार करत होतो. मागचं आपल्याला कळणं आणि मागच्याला आपण कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोकळ्या रस्त्यावर पहिली उपयोगी पडते, कारण कळल्यावर काहीतरी करायला जागा असते. मुंढव्याच्या पुलावर पहाटे साडेपाचला सायकलवाल्याच्या डावीकडे कठडा असतो. त्याला साडेआठ सेकंद आधी कळलं तरी त्याने जायचं कुठे? तिथे जे काही करायचं ते मागच्याने करायचं आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलवरची. अपघातांच्या प्रकारांत सर्वांत मोठा प्रकार होता मागून धडक बसण्याचा, एकूण अपघातांत पाचात एकाहून जास्त. हे सगळ्या वाहनांचं मिळून आहे, नुसत्या सायकलींचं नव्हे. तरीही पाठीवरून येणारं संकट हे काही आमच्या काकांचंच नशीब नाही, एवढं त्यातून दिसतं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आमच्या शेजारी वाघोलीत, केसनंद फाट्याजवळ, पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मध्यरात्री डंपर गेला. तिघे गेले, त्यांत दोन लहानगी होती. झोपलेल्या माणसाला कुठलं रडार देणार? तिथे प्रश्न डंपर चालवणाऱ्या माणसाचाच होता.

म्हणून मला वाटतं, पाठीमागचं कळावं म्हणून पुढच्याच्या सायकलला यंत्र बसवताना आपण एक गोष्ट हळूच मान्य करून टाकतो. सांभाळायचं ते पुढच्याने. यंत्र चांगलं आहे, पण त्याच्या आडून हा हिशेब आत येऊ नये. उद्या एखादा म्हणेल, "तुमच्याकडे रडार नव्हतं का?" आज हेल्मेटविषयी असं विचारतातच.

मग दुसऱ्या गोष्टीचं काय करायचं, म्हणजे मागच्याला आपण कळण्याचं? त्यासाठी अब्बांच्या दुकानात एक सोय होती. काळ्या सायकलच्या मागच्या मडगार्डचं शेवटचं वीतभर टोक पांढरं रंगवलेलं असायचं आणि त्यावर रुपयाएवढा लाल काचेचा रिफ्लेक्टर. ही विलायती सायकलींवरून आलेली चाल. भाड्याच्या सायकलींचा पांढरा रंग उडाला की अब्बा दर दिवाळीच्या आधी तो स्वतः नव्याने द्यायचे, कारण दिवाळीत गावाकडे आलेली पोरं सायकली रात्री उशिरापर्यंत फिरवत. पैशाला अब्बा फार चिकट होते, पण त्या डब्याला नव्हते.

रिफ्लेक्टर ही वस्तू आपण फार हलकी समजतो. त्याच्या आत खोलीच्या कोपऱ्यासारखे बारीक बारीक कोपरे असतात. तीन भिंती जिथे मिळतात तिथे आलेला उजेड कुठूनही येवो, ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. म्हणजे गाडीवाल्याच्याच दिव्याचा उजेड त्याच्याच डोळ्यांत येतो आणि त्याला सांगतो की इथे कुणी आहे. सेल नको, चार्जिंग नको. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी याच जातीचे कोपरे चंद्रावर ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण त्यांच्यावरून परत येतो आणि त्यावरून चंद्राचं अंतर मोजतात. रडारही परतलेल्या लहरीवर चालतं, रिफ्लेक्टरही परतलेल्या उजेडावर. फक्त बातमी कुणाला मिळते, तेवढा फरक. २०२० साली केंद्र सरकारने सायकलींच्या रिफ्लेक्टरच्या दर्जाविषयी आदेश काढला, ते चांगलंच झालं. पण तो नव्या सायकलींसाठी. काकांच्या सायकलचा रिफ्लेक्टर कधीचाच फुटला होता आणि मडगार्डचं टोक गंजून गळून पडलं होतं.

भाच्याने आणि त्याच्या सायकलवाल्या मित्रांनी मिळून मागे लावायचे लाल दिवे आणि चकाकणाऱ्या पट्टीची दोन मोठी भेंडोळी आणली. सगळ्यांचे मिळून पैसे एका रडारच्या अर्ध्याहून कमी झाले. एका रात्री साडेनऊला, पाळी बदलते त्या वेळी, आसपासच्या चार सोसायट्यांच्या गेटवर उभं राहून त्यांनी येईल त्या सायकलला दिवा आणि पट्टी लावली. मीही होतो. पट्टी कापायचं काम माझ्याकडे होतं. पहाटेचे आणि रात्रीचे सायकलवाले एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदाच पाहिले. एक आचारी आपली सायकल देईना, विकायला आलात का विचारू लागला. एका बांधकामावरच्या पोराने पट्टी हँडलला, मडगार्डला, दांड्याला, चाकांच्या रिमला अशी सगळीकडे लावून घेतली आणि लग्नाच्या घोड्यासारखी सायकल घेऊन गेला.

आमच्या काकांना दिवा दिला त्याला आता आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात तो सायकलवरून कुणीतरी काढून नेला. दुसरा दिला, तर तो त्यांनी सायकलला लावलाच नाही. जेवणाच्या डब्याच्या पिशवीला पाठीमागून शिवून टाकला आणि पिशवी पाठीवर अडकवून येऊ लागले. सायकल उभी केली की दिवा त्यांच्याबरोबर केबिनमध्ये जातो. मोबाइलच्या चार्जरवर तो चार्ज होतो, त्यावरून दिवसपाळीच्या वॉचमनशी त्यांचं अधूनमधून वाजतं, कारण केबिनमध्ये पिन एकच आहे. परवा रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली म्हणून गॅलरीत आलो, तर खाली गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक लाल ठिपका उघडझाप करत चालला होता. काका पायीच राउंडला निघाले होते, पाठीला पिशवी. मी वरून हाक मारली, "काका, दिवा चालू राहिला." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, टँकर यायची वेळ झाली."